लोणावळा राहू द्या, भावंडाला बोलवा

शनिवार-रविवारला एखादी सरकारी सुट्टी चिकटली की पुणेकर शहर सोडून पळतात. शुक्रवारी संध्याकाळपासून द्रुतगती मार्गावर रांगा लागतात. खंडाळ्याच्या घाटात तापलेल्या इंजिनांचा वास, मागच्या सीटवर कंटाळलेली मुलं, पुढच्या सीटवर एकमेकांवर खेकसणारी मोठी माणसं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा आहे आणि २००२ पासून पूर्ण सुरू आहे. तो ज्या वेगासाठी बांधला, तो वेग नेमका सुट्टीच्या दिवशी कुणाला मिळत नाही. सिंहगडाच्या रस्त्यावर हेच. ताम्हिणीत हेच. पवनेच्या काठावरही हेच.

अर्धा दिवस जायला, अर्धा यायला, मधे तासभर धबधबा आणि त्याखाली खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली अनोळखी माणसं. याला विश्रांती म्हणू नका. ही दगदग आहे आणि तिचे आपण पैसे मोजतो.

कधी कधी मोजावं लागतं ते पैशांत मावत नाही. ३० जून २०२४ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात हडपसरहून आलेल्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलं होती. १५ जून २०२५ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चार जण गेले. दोन्ही दिवस रविवार होते. सुट्टी मिळाली की पाण्यावर जायचंच, या हट्टात आता बदल व्हायला हवा.

माझं म्हणणं सरळ आहे. पुढच्या जोडून आलेल्या सुट्टीला कुठेही जाऊ नका. भावाला किंवा बहिणीला पुण्यात बोलवा. तुम्ही बाहेरगावी असाल आणि भावंड पुण्यात असेल, तर तुम्ही या. दोघांनीच तीन दिवस शहरात हिंडायचं, बसायचं, खायचं, बोलायचं. हॉटेलचं आगाऊ बुकिंग नको, पहाटेचा गजर नको, स्थळांची यादी नको.

पुणं नेमकं याच दिवसांत राहण्याजोगं होतं. निम्म्या गाड्या घाटात अडकलेल्या असतात. पेठांतले बोळ चालता येतील इतके मोकळे होतात. जे शहर सोडून लोक पळतात, ते शहर त्यांच्या पाठीमागे शांत होतं. त्याचा फायदा आपण घ्यायचा.

*

आता दुसरा मुद्दा, आणि तो जास्त टोचणारा आहे.

आपण भावंडांना भेटतो कधी? लग्नात भेटतो. तिथे एक जण केटररच्या मागे असतो आणि दुसरी आहेराची वही सांभाळते. रुग्णालयात भेटतो. तिथे एक बिलाच्या खिडकीवर असतो आणि दुसरी खाटेशेजारी. वर्षश्राद्धाला भेटतो. तिथे गुरुजींची वेळ सांभाळायची असते. एकाच छपराखाली दिवस काढतो आणि दहा मिनिटंही बोलत नाही. एरवी भावंडांचं बोलणं व्हॉट्सॲपवरच्या एका गटापुरतं उरलंय. त्या गटात काय असतं? आईची साखर किती आली, बाबांची गोळी संपली का, सोसायटीचा मेंटेनन्स कुणी भरला.

आणि उरलेली भेट दुय्यम निबंधकाच्या कचेरीत होते. पुण्यातल्या कितीतरी घरांची ही खरी गोष्ट आहे. वाडा विकसकाकडे जातो, कागद तयार होतात, बहिणीला फोन जातो. ती गाडी पकडून येते, अंगठ्याचा ठसा उमटवते, कॅमेऱ्यापुढे बसते, हक्कसोडपत्रावर सही करते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते. तिला कुणी विचारत नाही, की त्या घरातली कुठली जागा तुझी आवडती होती.

महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा १९९४मध्येच दिला. केंद्राने २००५मध्ये दिला. त्या वेळी वडील हयात होते की नव्हते याने तिच्या हक्कात फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२०ला स्पष्ट केलं. कायद्याने आपलं काम केलं. आपण मात्र बहिणीला अजून सहीपुरतीच बोलावतो. जिला सहीसाठी हक्काने बोलावता, तिला सुट्टीसाठीही तितक्याच हक्काने बोलवा. आधी सुट्टीसाठी बोलवा. कागदाचा विषय त्या तीन दिवसांत काढायचाही नाही.

राखीपौर्णिमा आणि भाऊबीज आहेतच की, असं कुणी म्हणेल. आहेत, आणि असाव्यात. पण ओवाळणीला अर्धा तास लागतो. नंतर जेवण, नंतर डुलकी, नंतर ‘निघते आता, पोहोचायला रात्र होईल.’ सण नातं टिकवतो. ओळख वाढायला मात्र रिकामा वेळ लागतो.

*

पुणं हे भावंडांचं शहर आहे. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

शनिवारवाड्यावर जा. १० जानेवारी १७३०ला याचा पाया घातला गेला. तिथला कुणीही माणूस तुम्हाला एकच गोष्ट सांगेल. ३० ऑगस्ट १७७३, नारायणराव, गारदी, काका. पौर्णिमेच्या रात्री ऐकू येणाऱ्या आरोळीचा किस्साही पदरचा जोडून मिळेल. पुतण्याच्या खुनावर या वास्तूची सगळी ओळख उभी करून ठेवली आहे.

त्याच वाड्यात दोन भाऊ राहिले, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. थोरले बाजीराव आणि चिमाजीअप्पा. एक उत्तरेत घोडदौड करत होता. दुसऱ्याने कोकणात पोर्तुगीजांशी झुंज घेऊन मे १७३९मध्ये वसई जिंकली. बाजीरावांच्या मस्तानीशी असलेल्या नात्यावरून चिमाजीअप्पा भावाच्या विरोधात उभे राहिले, घर दुभंगलं, कटुता आली. पुढच्या एप्रिलात नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले. त्याच १७४०च्या डिसेंबरात चिमाजीअप्पाही गेले. त्यांची समाधी ओंकारेश्वराजवळ, मुठेच्या काठी आहे. शनिवारवाड्यापासून रमतगमत चालत गेलात तरी फार वेळ लागत नाही.

तर वाड्याच्या बुरुजावर भुताच्या गोष्टी ऐकण्यापेक्षा भावाला घेऊन ओंकारेश्वराला जा. नदीकडे तोंड करून बसा. नदीची अवस्था पाहून दोघांनाही वाईट वाटेल, ते वाटू द्या. इतकं मोठं राजकारण सांभाळणारे दोन भाऊ एकमेकांशी भांडले, तरी एकमेकांचे राहिले. आपलं भांडण फ्लॅटच्या दोन खोल्यांवरून असतं.

मग बाजीराव रस्त्याने राजा दिनकर केळकर संग्रहालयात या. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने हा संग्रह उभा केला आणि पुढे तो सरकारच्या हाती सोपवला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष इथेच पुन्हा मांडलेले आहेत. पण भावंडांसाठी खरा खजिना पुढे आहे. अडकित्ते, दिवे, वजऱ्या, सोगट्या, गंजिफा, स्वयंपाकघरातली भांडी. एकेका कपाटापुढे ‘अगं, हे आजीकडे होतं’ आणि ‘नाही, ते मामीकडचं’ असा वाद झालाच पाहिजे. वाद झाला नाही, तर दोघांपैकी एक जण फोनमध्ये बघतोय असं समजा.

तिसरी जागा पर्वती. एकशे तीन पायऱ्या. गुडघे कुरकुरत असतील तर थांबत थांबत चढा, घाई कुणाला आहे? इथे २३ जून १७६१ला नानासाहेब पेशवे गेले. त्याच वर्षीच्या १४ जानेवारीला पानिपतावर त्यांचा मुलगा विश्वासराव पडला आणि सदाशिवरावभाऊही परत आले नाहीत. भाऊ म्हणजे चिमाजीअप्पांचे चिरंजीव, नानासाहेबांचे चुलतभाऊ. आई लहानपणीच गेल्यामुळे आजी राधाबाईंनी त्यांना वाढवलं होतं. पर्वतीवर सगळे मुलाच्या दुःखाची गोष्ट सांगतात. त्या दुःखात भाऊही होता, हे आपण लक्षात ठेवू.

वेळ आणि उमेद असेल, तर स्वारगेटहून मेट्रोने पिंपरीला उतरा, पुढे रिक्षाने चिंचवडगावात चापेकर वाड्यावर जा. २२ जून १८९७ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर ब्रिटिश प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. त्या प्रकरणात दामोदर, वासुदेव आणि बाळकृष्ण चापेकर हे तिघे सख्खे भाऊ एप्रिल १८९८ ते मे १८९९ या तेरा महिन्यांत फासावर गेले. एका आईचे तीन मुलगे. तिथे उभं राहून आपल्या भावंडाशी तुम्ही काय बोलाल, ते मी सांगायला नको.

*

पण स्मारकं हे निमित्त आहे. खरी सुट्टी दोन स्मारकांच्या मधल्या रस्त्यावर होते.

माझी ताई नागपूरला असते. ती आली, की आम्ही नारायण पेठेत जातो. आमचं जुनं घर तिथे होतं. आता तिथे वाहनतळावर उभी असलेली इमारत आहे आणि तळमजल्यावर पहारेकरी खुर्ची टाकून बसतो. नळ कुठे होता, जिना कुठे वळत होता, बिऱ्हाडकरू कुठल्या खोलीत राहायचे, हे या जगात आता मोजक्या माणसांना माहीत आहे. त्यातली एक माझ्या शेजारी उभी असते. पुण्यातले वाडे झपाट्याने पडतायत. घर पडल्यावर त्याचा नकाशा फक्त भावंडांच्या डोक्यात उरतो. त्यातला अर्धा तिच्याकडे असतो, अर्धा आपल्याकडे.

आणि घरापेक्षाही मोठी गोष्ट सांगते. ताईने पाहिलेले वडील मी पाहिलेले नाहीत. तिच्या लहानपणी ते सायकलवरून कामाला जायचे, महिनाअखेरीला वाण्याच्या उधारीची वही लपवायचे आणि चिडायचे. माझ्या लहानपणी त्यांच्याकडे स्कूटर होती, ते रविवारी मला मंडईत घेऊन जायचे आणि गवारीच्या भावावरून हसत घासाघीस करायचे. ती त्यांना कडक म्हणते, मी मऊ म्हणते. वर्षानुवर्षं आम्हाला वाटायचं, की दुसरीचं चुकतंय. दोघींचंही बरोबर आहे. मोठ्या मुलाला तरुण, घाबरलेले, पैशाने ओढलेले आई-वडील मिळतात. धाकट्याला थकलेले, सैलावलेले मिळतात. आपले आई-वडील पुरते कळायचे असतील, तर दुसऱ्या भावंडाकडे असलेला त्यांचा भाग ऐकून घ्यावा लागतो. दुसऱ्या कुणाकडे तो नसतो. लग्नाच्या मांडवात तो ऐकता येत नाही. त्याला संथ दुपार लागते.

ज्या घरांत मोठी भावंडं सत्तरी ओलांडून गेली आहेत, तिथे तर एकही जोडून सुट्टी वाया घालवू नये. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, तेव्हा कुणी कुणाचा हात धरून कुठल्या गच्चीवर चढलं, पाणी कुठल्या पायरीला टेकलं, नंतर किती दिवस चिखल उपसला, हे एका भावाला आठवतं ते दुसऱ्याला आठवत नाही. दोघं एकत्र बसले की आख्खी गोष्ट उभी राहते. नातवंडांनो, तुमच्या आजीला आणि तिच्या भावाला गाडीत घालून नदीकाठच्या पेठांतून एक फेरी मारून आणा. बोलायला लावू नका. रस्ता त्यांना आपोआप बोलतं करील.

*

खाण्याबद्दल थोडक्यात, कारण त्यावर पुण्यात गरजेपेक्षा जास्त बोललं जातं.

रांगेत उभं राहून खाल्लेली मिसळ ही भावंडांच्या सुट्टीची शत्रू आहे. समाजमाध्यमांवर गाजलेलं ठिकाण सोडा. लहानपणी जिथे जायचात तिथे जा. डेक्कनवरच्या गुडलकमध्ये १९३५पासून बनमस्का मिळतोय, सकाळी लवकर गेलात तर टेबल मिळेल. ईस्ट स्ट्रीटच्या कयानी बेकरीत १९५५पासून श्रूजबेरी बिस्किटं मिळतात, ती परतीच्या डब्यात घाला. दुपारी आइस्क्रीम घातलेली एक मस्तानी दोघांत मागवा आणि चमचे दोन घ्या. एका ताटातून, एका पेल्यातून खाण्याची ज्यांना कधीच लाज वाटली नाही, अशी माणसं आयुष्यात फार थोडी असतात.

आणि हो, घरी स्वयंपाकाचा घाट घालू नका. बहीण माहेरी आली की पहिल्या तासात ओट्यापाशी उभी असते. भाऊ आला की वहिनी आणि बायको दोघी ओट्यापाशी असतात. पुरणपोळीचा बेत ठरतो आणि सुट्टीचा एक आख्खा दिवस पुरण वाटण्यात जातो. तीन दिवस वरण-भात, खिचडी, बाहेरचं काहीही चालेल. बहिणीला सुट्टीवर बोलावलं असेल, तर तिला सुट्टी द्या. भाऊरायांनो, चहा तुम्ही करा, कपही तुम्हीच विसळा.

जोडीदारांना आणि मुलांना एक विनंती. तीन दिवसांतला निदान एक दिवस दोघा भावंडांना मोकळं सोडा. ते तुमच्याबद्दल काही वाईट बोलणार नाहीत. बोललेच तर बोलू द्या. तो त्यांचा फार जुना हक्क आहे.

संध्याकाळी एक नाटक बघा. बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ला सुरू झालं, त्याच्या उभारणीत पु. ल. देशपांडे यांनी जीव ओतला होता. शेजारी बसून एकाच वेळी हसणं हे सगळ्यांत स्वस्त औषध आहे. तिकीट मिळालं नाही, तर वेताळ टेकडी आहे. पुणे शहरातली सगळ्यांत उंच जागा. तिला तिकीट लागत नाही, फक्त पाण्याची बाटली लागते. सूर्य मावळेपर्यंत बसा, अंधार पडायच्या आत उतरा. ही टेकडी रस्त्यांपासून आणि बोगद्यांपासून वाचवण्यासाठी पुणेकर वर्षानुवर्षं भांडतायत. तिथे जाऊन बसणं हाही त्या भांडणात दिलेला एक आवाज आहे.

*

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. जोडून सुट्टी सगळ्यांना मिळत नाही.

राज्य सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा २०२०च्या फेब्रुवारीअखेरीपासून मिळाला. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत तो आधीपासून होता. लक्ष्मी रस्त्यावरच्या साडीच्या दुकानात घड्या घालणाऱ्या बाईला तो नाही. तुमचं जेवण दुचाकीवरून आणून देणाऱ्या मुलाला नाही. सोसायटीच्या फाटकावर बारा तास उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला नाही. त्याची बहीण बीडला किंवा बिहारला असेल, तिला तो कधी भेटतो, हे आपण विचारलेलं नसतं. तुमच्या हातात एखाद्याची रजा असेल, घरकामाच्या ताईंची, चालकाची, दुकानातल्या मुलाची, तर तुमच्या सुट्टीबरोबर त्यांनाही एक भरपगारी दिवस द्या. भावाला भेटायची ओढ पगाराच्या आकड्यावर ठरत नाही.

आणि सदाशिव पेठेतली भावंडं तर डोळ्यांपुढेच आहेत. लातूर, नांदेड, परभणी, बुलढाणा इथून आलेली हजारो मुलं-मुली कॉट बेसिसवर राहतात, अभ्यासिकेत बसतात, मेसचा डबा खातात आणि एमपीएससीच्या जागा निघायची वाट बघतात. त्यांच्या मागे गावाकडे बहुतेक वेळा एक भावंड असतं. शेत तो बघतो, पैसे तो पाठवतो. शिकण्याची त्याचीही इच्छा होती, पण घरातून एकालाच पाठवता आलं. असा एखादा दादा जोडून सुट्टीला एसटीने वाकडेवाडीला उतरतो. हातात आईने दिलेली पिशवी असते, भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. तो धाकट्याला विचारतो, ‘अभ्यास होतोय ना?’ आणि धाकटा मान हलवतो. दोघंही त्यापुढे बोलत नाहीत. दोघांनाही एकमेकांच्या कष्टांची लाज वाटते.

त्या धाकट्यांना माझं सांगणं आहे. दादा आला, की त्या दिवशी अभ्यासिकेत जाऊ नका. त्याला पाताळेश्वरच्या लेण्यात घेऊन जा. आठव्या शतकातलं, एकाच खडकात कोरलेलं, गार आणि मोफत. त्याला शहरातून जमिनीखालून मेट्रोने न्या. जिल्हा न्यायालयाचं स्थानक जमिनीखाली तेहतीस मीटर खोल आहे, तिथले सरकते जिने उतरताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा. गाडी मुठेच्या पात्राखालून जाते, हे त्याला सांगा. मंडई स्थानकावर उतरा. १८८६ साली ही मंडई रे मार्केट या नावाने उघडली. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी त्या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, गरिबांच्या शिक्षणावर पैसा घाला म्हणून. पुढे तिला त्यांचंच नाव मिळालं. शिक्षणासाठी भावाने शेतात राबून पैसे पाठवावेत आणि त्या दोघा भावांनी फुले मंडईसमोर चहा प्यावा, याहून योग्य जागा पुण्यात नाही. चहाचे पैसे त्या दिवशी धाकट्याने द्यावेत.

*

आता महापालिकेशी दोन शब्द.

भावंडांनी पुण्यात चालायचं म्हटलं, तर चालायला जागा हवी. सत्तरीतली बहीण आणि पंचाहत्तरीतला भाऊ लक्ष्मी रस्त्याने शंभर पावलं निर्धास्त चालू शकत नाहीत. पदपथावर दुचाकी आहे, दुचाकीच्या पुढे फलक आहे, फलकाच्या पुढे उघडं चेंबर आहे. जंगली महाराज रस्त्याचा पदपथ रुंद केला, झाडांखाली बाक ठेवले, तेव्हा तिथे म्हातारी माणसं बसू लागली. म्हणजे जमतं. मग ते एकाच रस्त्यावर का थांबतं? ११ डिसेंबरला आपण पादचारी दिन पाळतो, २०२१पासून. त्या दिवशी लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद असतो आणि लोक हरखून जातात. एका दिवसाचं कौतुक पुरे झालं. जोडून येणाऱ्या प्रत्येक सुट्टीला पेठांतला एक रस्ता वाहनांना बंद करा. गाड्या तशाही घाटात गेलेल्या असतात.

स्वच्छतागृहं हवीत, विशेषतः बायकांसाठी, आणि ती उघडी हवीत. तीन तास शहरात हिंडायचं म्हणून दोन तास आधीपासून पाणी न पिणाऱ्या बहिणी घराघरांत आहेत. ही आपल्या शहराला शरमेची गोष्ट आहे. कसब्यात, मंडईत, तुळशीबागेत, नदीकाठी दर काही अंतरावर स्वच्छ, पाणी असलेलं, दिवा असलेलं स्वच्छतागृह उभं राहिलं, तर पुण्याचं पर्यटन आपोआप वाढेल. त्यासाठी कुठल्याही महोत्सवाची गरज नाही.

*

शेवटचं, तुमच्याशी.

आई-वडील आपल्या आयुष्याच्या मध्यावर जातात. जोडीदार मध्यावर येतो. मुलं मध्यावर येतात आणि आपल्या वाटेने जातात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत असू शकणारं माणूस भावंड हेच असतं. सख्खं असो, चुलत असो, मावसभाऊ असो, शेजारच्या बिऱ्हाडातली मानलेली बहीण असो. त्याच्यासाठी वर्षातून तीन दिवस निघत नसतील, तर आपल्या दिनदर्शिकेत काहीतरी चुकलंय.

अबोला असेल तर फोन तुम्ही करा. चूक कुणाची होती हा हिशोब फोनवर काढू नका. ‘सुट्टीला येतोस का, नुसतं हिंडू’ एवढंच म्हणा. बहुतेक अबोले एवढ्या एका वाक्याची वाट बघत थांबलेले असतात.

२०२६च्या कालनिर्णयावर बघून घ्या. १ मे शुक्रवारी आहे. राखीपौर्णिमा २८ ऑगस्टला, तीही शुक्रवारी. २ ऑक्टोबरही शुक्रवारीच. यातली जी तारीख तुमच्या पुढ्यात असेल, ती आजच भावंडाला कळवा आणि गाडीचं तिकीट त्याला काढायला सांगू नका, तुम्हीच काढून पाठवा.